स्लॅब तापतो, घर इन्सुलेट करायचंय: सोलापुरात पैसे नेमके कशावर घालावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात २००९ साली बांधलेलं दोन मजली घर. वरचा स्लॅब साधारण १००० स्क्वेअर फूट, त्यावर बांधकामाच्या वेळचाच कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर), एका कोपऱ्यात पावसाळ्यात ओल येते. वर तीन खोल्या, त्यातल्या एकीत एसी, आई-वडील वरच झोपतात. शेजारी पत्र्याची खोली, तिथं शिलाई मशिनी चालतात. एका कंत्राटदाराने भिंती आणि स्लॅब मिळून ‘पूर्ण घराचं इन्सुलेशन’ साडेचार लाखांत सांगितलंय. एवढा खर्च करावा का, भिंतींना करावं का, आणि विजेच्या बिलातून पैसे निघतील का?

बिलातून पैसे निघणार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. कंत्राटदार कागदावर तीन वर्षांत वसुली दाखवतात, पण एका एसीच्या घरात तसं होत नाही. हिशेब खाली मांडलाय. तरीसुद्धा स्लॅबचं काम करून घ्या असंच मी म्हणेन. फक्त ते साडेचार लाखांचं नको, आणि भिंतींचं तर नकोच.

भिंती का नकोत ते उन्हाच्या दिशेवरून कळतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य उलट किंचित उत्तरेला असतो. म्हणजे ज्या दक्षिणेच्या भिंतीला लोक घाबरतात तिला ऐन उन्हाळ्यात दुपारचं ऊन जवळपास लागतच नाही. पूर्वेची भिंत सकाळी तापते, पण दुपारी ती सावलीत जाते. पश्चिमेची त्रास देते, तेही दुपारनंतर तीन-चार तास. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत एकसारखं ऊन खाणारा एकच भाग घराला असतो, तो म्हणजे स्लॅब. खालच्या मजल्यावर तुम्हाला एवढा त्रास होत नसणार. भिंती तर दोन्ही मजल्यांना सारख्याच आहेत, मग फरक कशाचा हे सांगायला नको.

आता त्या कोटेशनचं बघा. तुमचं घर २५ बाय ४० धरलं तर घेर १३० फूट. दहा फूट उंची धरून नुसत्या वरच्या मजल्याच्या भिंती तेराशे स्क्वेअर फूट होतात, दारं-खिडक्या वजा जाता अकराशे. त्यात स्लॅबचे हजार. एकवीसशे फुटांना साडेचार लाख म्हणजे सरासरी सव्वादोनशेच्याही आत. या दरात जुना कोबा फोडणं, मलबा उतरवणं, ओल थांबवणं, वर उष्णता अडवणारा बोर्ड, स्क्रीड (टाइलखालचा सिमेंटचा थर), टाइल हे काही बसत नाही. मग एक तर तो गळक्या कोब्यावरच काहीतरी चिकटवणार, नाहीतर भिंतींना ‘हीटप्रूफ’ म्हणून रंग फासणार. त्याला सामानाचं नाव आणि जाडी लेखी मागा. तिथंच बऱ्याच गोष्टी उघड होतात.

पश्चिमेला झोपायची खोली असेल तर त्या एका भिंतीची सोय वेगळी करा. खिडकीवर दोन फुटांचा छज्जा, बाहेरून बांबूची चिक, जागा असेल तर वेल. ऊन भिंतीला लागूच न देणं हे भिंतीवर थर चढवण्यापेक्षा कायम स्वस्त पडतं. चिक खिडकीच्या बाहेर हवी. आत लावलेला पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते.

स्लॅब दुपारी जेवढा छळतो त्यापेक्षा रात्री जास्त छळतो. उघड्या सिमेंटच्या पृष्ठभागाचं तापमान एप्रिल-मेच्या दुपारी साठीला टेकतं. ती उष्णता पाच इंच काँक्रीट आणि वरच्या कोब्यातून हळूहळू खाली उतरते आणि छताच्या आतल्या बाजूला पोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते. बाहेर आठ-नऊ वाजता वारं सुटतं, गच्चीवर बरं वाटतं, आणि खाली खोलीत मात्र पंखा गरम हवाच खाली ढकलत असतो. आई-वडिलांना अकरा-साडेअकरापर्यंत झोप लागत नसेल ती यामुळे. हजार-दीड हजारात इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो. रात्री नऊला छताच्या आतल्या बाजूवर आणि मग भिंतीवर धरून बघा. छत भिंतीपेक्षा चार-पाच अंश जास्त दाखवत असेल तर पैसे कुठं घालायचे याचं उत्तर तुम्हाला घरबसल्या मिळालं. दुपारी मोजू नका, त्यातून चुकीचं चित्र दिसतं.

थोडं आकड्यात सांगतो, कारण जाडी ठरवायला ते लागतं. छताच्या वर आणि खाली एक अंशाचा फरक असेल तर एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता आत येते, यावर छताची प्रत ठरते. प्लास्टर आणि नेहमीच्या कोब्यासकट आपल्या आरसीसी स्लॅबचा हा आकडा अडीचच्या थोडा वर, साधारण २.६ पडतो. केंद्र सरकारची २०१८ ची ‘इको निवास संहिता’ राहत्या घराच्या छतासाठी जास्तीत जास्त १.२ सांगते. म्हणजे आपली बहुतेक घरं दुपटीने नापास. यावर एक इंची, म्हणजे २५ एमएमचा एक्सपीएस (घट्ट पॉलिस्टायरीन फोमचा) बोर्ड टाकला की आकडा ०.८३ वर येतो. दोन इंची टाकला तर ०.४९. नीट बघा: पहिल्या इंचाने उष्णता जवळजवळ ६८ टक्के अडली, दुसऱ्या इंचाने आणखी फक्त १३. बोर्डाचा पैसा मात्र दुप्पट. वरच्या सगळ्या खोल्यांत दिवसभर एसी चालत नसेल तर एक इंचावर थांबा. दोन इंचांचा आग्रह धरणाऱ्याचं मार्जिन कशात आहे ते उघड आहे.

जुन्या सोलापुरात, पेठांमध्ये अजून काही माळवदाची घरं आहेत. तुळया, त्यावर लाकडी पाट्या, आणि वर पांढऱ्या मातीचा फूट-दीड फुटाचा थर. उष्णता अडवण्याच्या बाबतीत दीड फूट माती साधारण त्या एक इंच बोर्डाएवढंच काम करते. शिवाय माती उष्णता इतका वेळ धरून ठेवते की दिवसाची झळ खाली उतरेपर्यंत रात्र सरत आलेली असते. म्हणून माळवदाखाली दुपारी चटई टाकून झोपता येतं. पण दीड फूट मातीचं वजन चौरस मीटरला सातशे किलोच्या घरात जातं, दर पावसाळ्याआधी माती धोपटून गळती बुजवावी लागते, आणि हल्ली ते करणारी माणसं मिळत नाहीत. एक इंची एक्सपीएसचं वजन चौरस मीटरला एक किलोसुद्धा नसतं.

वजनाचा विषय निघालाच आहे तर इथं जरा थांबतो, कारण यात लोक फसतात. गळती आली की गवंडी सांगतो, ‘जुना राहू द्या, त्याच्यावरच नवीन कोबा मारू.’ फोडायचा त्रास नाही, मलबा नाही, काम चार दिवसांत उरकतं. चार-साडेचार इंच विटांच्या तुकड्यांचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातो. तुमच्या हजार फुटांवर म्हणजे अठरा-एकोणीस टन. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी इंजिनिअर चल-भार, म्हणजे माणसांचं आणि हलत्या सामानाचं वजन, धरतो तो चौरस मीटरला दीडशे किलो. एक कोबा डिझाइनमध्ये धरलेला असतो, दुसरा कुणीच धरलेला नसतो. पंधरा-सोळा वर्षांच्या स्लॅबवर, तोही एका कोपऱ्यात ओल धरून असलेल्या, आणखी अठरा टन टाकणं म्हणजे उष्णतेवर उपाय करता करता सळई गंजवून घर खाली बसवण्याची तयारी. ओलीच्या कोपऱ्यात खालून प्लास्टर फुगलंय का, वाजवल्यावर पोकळ वाजतंय का, ते आधी बघून घ्या. तसं असेल तर इन्सुलेशनची गोष्ट बाजूला ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याची फी या सगळ्या खर्चात सगळ्यात सार्थकी लागलेली असते.

समजा सळई ठीक आहे, नुसता कोबा थकलाय. मग काम असं होतं. खाली दिलेले दर आपल्या भागात सध्या साधारण चालतात ते आहेत, लहान कामाला चढे असतात, मोठ्याला उतरतात. आधी जुना कोबा फोडून खाली उतरवणं, ट्रॉल्या भरून बाहेर टाकणं: स्क्वेअर फुटाला २५ ते ३५ रुपये. स्लॅब उघडा पडला की भेगा भरून, कठड्याच्या मुळाशी चारी बाजूंनी वाटा (कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर सांधा) मारून, पॉलिमरचं वॉटरप्रूफिंग दोन-तीन हातांत: ३५ ते ५०. त्यावर एक इंची एक्सपीएस बोर्ड, बसवण्यासकट: ४० ते ५०. बोर्डावर जिओटेक्स्टाइलचं कापड आणि जाळी घालून ढाळ काढलेलं स्क्रीड: ५५ ते ७५. वर पांढरी, ऊन परतवणारी टाइल: ६० ते ८५. बेरीज २१५ ते २९५, म्हणजे तुमच्या हजार फुटांना सव्वादोन ते तीन लाख. कठड्याला फूटभर वर चढवलेलं वॉटरप्रूफिंग वेगळं मोजतात, ते तुमच्याकडे आणखी सव्वाशे-दीडशे फूट होईल. जीएसटी यात धरलेला नाही. काढलेल्या कोब्याचं वजन आणि नव्या थरांचं वजन ढोबळमानाने जुळतं, त्यामुळे स्लॅबवर नवं ओझं पडत नाही.

या बेरजेत इन्सुलेशनचा वाटा किती? चाळीस ते पन्नास हजार, बस. बाकीचे पैसे तुम्हाला गळतीसाठी आज ना उद्या घालायचेच आहेत. म्हणून कोबा धडधाकट असेल त्याला मी एवढी तोडफोड करायला सांगत नाही, पण ज्याचा स्लॅब तसाही फोडायला आलाय त्याने बोर्ड न टाकता वरून बंद करणं हा वेडेपणा आहे. पुढची पंधरा-वीस वर्षं तो थर पुन्हा उघडणार नाही.

बोर्ड बसवताना तुम्ही स्वतः गच्चीवर उभे राहा. बोर्डाच्या कडा पायरीसारख्या कापलेल्या हव्यात, एकावर एक बसणाऱ्या. सरळ कडेचे असतील तर सांध्यातून उष्णता खाली उतरते. ओळी विटेच्या बांधकामासारख्या सांधे चुकवून लावायच्या. पाण्याच्या पाइपच्या तोंडाशी आणि टाकीच्या पायाशी मिस्त्री हमखास हातभर जागा मोकळी सोडतो आणि नंतर ती सिमेंटने भरतो. तिथं बोर्ड कापून बसवायला लावा. आणि एक्सपीएसच्या जागी पांढरा थर्माकोल येत नाही ना, हे ट्रकमधून उतरतानाच बघा. थर्माकोल म्हणजे ईपीएस, त्याचे मणी दिसतात, नखाने टोकरला तर मणी सुटतात. एक्सपीएस एकजीव असतो, बहुधा रंगीत येतो, त्यावर अंगठा दाबला तरी खड्डा पडत नाही. ईपीएस वाईट असतो असं नाही, जास्त घनतेचा घेतला तर चालतो. पण पॅकिंगचा हलका थर्माकोल स्क्रीडखाली दबतो, पाणी धरतो आणि वरच्या टाइल वर्षभरात हलायला लागतात.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन फोमची फवारणी सांगणारेही येतील. सांधे नसतात आणि कामही झटपट होतं, हे त्याचे गुण खरे आहेत. फवारणी आणि तिच्यावरचं संरक्षक स्क्रीड मिळून दीडशे ते दोनशेच्या दरम्यान जातं. पण फोम उन्हात उघडा ठेवला तर भुसा होतो, आणि सोलापूरच्या उन्हात तर लवकरच. ‘वरून नुसता रंग मारतो’ म्हणणाऱ्याला हे काम देऊ नका.

आतून जिप्समचं फॉल्स सीलिंग आणि त्यावर ग्लासवूल, हा सगळ्यात जास्त विकला जाणारा उपाय. फुटाला १०० ते १४० रुपये. पाहुण्यांच्या खोलीला ठीक आहे. खोलीत झळ कमी लागते, हे खरं. पण स्लॅब वर तापतच राहतो, रोज फुगतो-आकसतो, भेगा वाढतात, आणि गळती झाली तर ती सीलिंगच्या आड लपून राहते. तुमच्यासारख्या ओल येणाऱ्या घरात तर नकोच. थर वरून दिला की स्लॅबच सावलीत जातो आणि त्याचंही आयुष्य वाढतं.

आता बिलाचा हिशेब. एसीची खोली दीडशे फुटांची धरू, म्हणजे १४ चौरस मीटर छत. मेमध्ये स्लॅबच्या वरच्या बाजूची दिवस-रात्रीची सरासरी चाळीसच्या आसपास, आत एसीचे २६. फरक १४ अंश. उघड्या स्लॅबमधून १४ गुणिले १४ गुणिले २.६, म्हणजे ५१० वॅट आत येतात. बोर्डानंतर १६३. वाचले साडेतीनशे. एसी एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे विजेत वाचले ११५-१२० वॅट. नऊ तासांच्या रात्रीला एक युनिट. स्लॅब रात्री सरासरीपेक्षा जास्त उष्णता सोडतो म्हणून उदार होऊन दीड धरा. शंभर रात्रींचे दीडशे युनिट. महावितरणचा दर टप्प्याने चढतो आणि एसीचे युनिट वरच्या टप्प्यात पडतात, म्हणून सगळे आकार धरून १२ ते १५ रुपये लावले तरी वर्षाला दोन हजारांच्या आसपास वाचतात. नुसत्या बोर्डाचे चाळीस-पन्नास हजार वसूल व्हायला वीस-पंचवीस वर्षं. तिन्ही खोल्यांत एसी असता तर सात-आठ. हा हिशेब ढोबळ आहे, थोडा इकडे-तिकडे होईल, पण तीन वर्षं कुठल्याही गणिताने येत नाहीत.

मात्र उरलेल्या दोन खोल्यांत तुम्ही एसी बसवायच्या विचारात असाल तर गोष्ट बदलते. बोर्डानंतर त्या खोल्या पंख्यावर आणि कूलरवर निभावतात. सोलापूरची उन्हाळ्यातली हवा कोरडी असते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये इथं वाळ्याच्या जाळीचा साधा कूलर झकास चालतो. मुंबईकरांना हे पटत नाही, त्यांच्याकडे तो नुसती दमट हवा फेकतो. फक्त कूलरसमोरची एक खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर खोलीत घामाने चिकचिक होते. दोन एसी घ्यायचे टळले की बोर्डाचे पैसे तिथंच निघाले.

एवढे पैसे या वर्षी नसतील, किंवा पत्र्याच्या खोलीचा खर्च आधी करायचा असेल, तर चुना. हसू नका. उघडं सिमेंट उन्हाचा बराचसा भाग पिऊन टाकतं, तर ताजा पांढरा चुना तीन-चतुर्थांशाहून जास्त परत फेकतो. खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडतो, आणि रात्रीच्या झोपेला तो चांगलाच जाणवतो. चुनकळी आणून घरी विझवण्याच्या भानगडीत पडू नका, डोळ्यांत शिंतोडा गेला तर दवाखाना गाठावा लागतो. विझवलेल्या चुन्याची गोणी आणा, हजार फुटांना २५ किलो पुरतो, त्यात रंगाच्या दुकानात चुन्यासाठी म्हणून मिळतं ते बाइंडर मिसळा. गच्ची झाडून, धुऊन, ओलसर असतानाच संध्याकाळी पहिला हात, दुसऱ्या दिवशी आडवा दुसरा. घरच्यांनी केलं तर दोन हजारांत होतं, माणूस लावून चार-पाच हजारांत. पहिल्या मोठ्या पावसात बराच धुऊन जातो, म्हणून दर वर्षी जानेवारीतली गड्डा यात्रा उरकली की गुढीपाडव्याच्या आत मारायचा. त्याहून टिकाऊ म्हणजे इलॅस्टोमेरिक, म्हणजे रबरासारखं ताणणारं पांढरं कोटिंग, फुटाला २५ ते ४० रुपये, चार-पाच वर्षं जातं. पण आपल्याकडची धूळ त्याला मळवते. मार्चमध्ये एकदा खराट्याने घासून धुतलं नाही तर पैसे दिलेत पांढऱ्याचे आणि गच्ची राखाडी, अशी गत होते. डब्यावर ‘१५ अंश कमी’ लिहिलेलं असतं ते स्लॅबच्या पाठीचं, खोलीचं नव्हे. आणि समोरच्यांच्या दुसऱ्या मजल्यावर चकाकी जाते, त्यांना आधी सांगून ठेवा.

सोलर पॅनेलचा विचार असेल तर तो आत्ताच पक्का करा. तीन किलोवॅटला अडीचशे-तीनशे फूट जागा लागते, तेवढ्या स्लॅबला फुकट सावली मिळते. पीएम सूर्य घर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदानही आहे. बिल कमी करायचं तर इन्सुलेशनपेक्षा हा रस्ता कितीतरी सरळ. पण पॅनेलच्या खांबांचे पाये वॉटरप्रूफिंगच्या आधी ओतून घ्या. नव्या टाइलवर सहा महिन्यांनी सोलरवाला ड्रिल घेऊन चढला की सगळं मुसळ केरात.

कामाची वेळ फेब्रुवारी-मार्च धरा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, बोर्ड टाकायच्या आधी, पाइपची तोंडं बंद करून ४८ तास पाणी साठवून बघणं मी कधी टाळू देत नाही. हजार फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे साडेचार-पावणेपाच हजार लिटर. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा टँकरचे पैसे आधीच धरा आणि टँकर कोण मागवणार हे करारात लिहा. ‘पाणी नाही म्हणून टेस्ट केली नाही’ हे कारण इथं फार चालतं. तेच पाणी नंतर मोटर लावून स्क्रीडच्या क्युरिंगसाठी बाजूच्या पिंपांत काढून घेता येतं.

राहिली पत्र्याची खोली. पत्र्याचं गणित स्लॅबच्या उलट आहे: उष्णता धरून ठेवत नाही, सूर्य आला की तापतो, गेला की गार होतो. त्रास भर दुपारी, म्हणजे नेमका कामाच्या वेळेला. पत्र्यावर बाहेरून पांढरा रंग, फुटाला पंधरा-वीस रुपये, हा पहिला उपाय आणि बऱ्याचदा पुरेसा. पत्र्याखाली चंदेरी बबल-फॉइल लावायचं असेल तर पत्रा आणि फॉइल यांच्यात किमान इंचभर हवा मोकळी राहू द्या. चिकटवलं तर चंदेरी बाजूचा उपयोगच उरत नाही. पत्रा जुना होऊन बदलायलाच आला असेल तर पीयूचं पॅनेल टाका, बसवून १८० ते २२० रुपये फूट, वीस बाय बाराच्या खोलीला पन्नास हजारांच्या आसपास. आसपासच्या गावांत पत्र्यावर कडबा किंवा उसाचं पाचट पसरतात. गारवा मिळतो, नाही असं नाही, पण कपड्यांच्या गठ्ठ्यांच्या डोक्यावर वाळकं पाचट ही कल्पनाच मला सहन होत नाही. थर्माकोलच्या सीलिंगलाही माझा तोच आक्षेप आहे, पेट घेतला की ते थेंबाथेंबाने वितळून खाली गळतं. शिलाईच्या खोलीत सिमेंट-फायबरची शीट आणि वर ग्लासवूल घ्या, थोडं महाग पडलं तरी. सीलिंग आणि पत्रा यांच्यातली गरम हवा निघून जायला दोन्ही टोकांना जाळीचे झरोके ठेवा. आणि सीलिंग बंद व्हायच्या आधी मशिनींची वायरिंग पत्र्याला चिकटून गेलेली असेल तर ती पाइपात घालून घ्या. एकदा शीट ठोकल्या की वायरमन त्या परत उघडायला तयार होत नाही.